आक्का आणि वाकडे गठ्ठे

आक्का गेल्या त्या दिवशी त्यांच्या दारात जमलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी त्यांची बोलणी खाल्ली होती, आणि तीही गव्हाच्या काडाच्या गठ्ठ्यांवरून. कुणी गठ्ठा ट्रॉलीत फेकला म्हणून, कुणी गठ्ठ्यावर बसून तंबाखू मळली म्हणून, कुणी भर बाजारात "तुमची पेंडकी कधी मिळतील" असं विचारून गठ्ठ्यांना हाताने बांधलेल्या पेंढ्यांत काढलं म्हणून. अंगणाच्या कडेला उभी राहून ती माणसं एकमेकांना हेच सांगत होती, आणि सांगता सांगता हसत होती. घरात रडणं चाललेलं असताना बाहेर असं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. मलाही हसू आलं, आणि मग ते आवरेना.

मी आक्कांची भाडेकरू. कुंभार पिंपळगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला आले तेव्हा वरची खोली मिळते का म्हणून विचारायला त्यांच्याकडे गेले होते. मला शांतता हवी होती. आक्कांनी मला वरून खाली पाहिलं आणि एकच विचारलं, "आवाज चालंल का?" मी म्हटलं, कसला आवाज? त्यांनी अंगणात ताडपत्रीखाली झाकलेल्या एका प्रचंड वस्तूकडे हनुवटीनेच खूण केली. तो बेलर होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कम्बाइन हार्वेस्टरने गहू काढला की मागे रानात काड पडून राहतं. ते रेकने, म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या दाताळ्याने, ओढून लांब ओळीत गोळा करायचं आणि त्या ओळीवरून ट्रॅक्टरच्या मागे बेलर न्यायचा. तो पुढच्या तोंडाने काड उचलतो, एका लांबट लोखंडी पेटीत दट्ट्याने दाबतो, दोन सुतळ्यांनी बांधतो, आणि मागून चौकोनी गठ्ठा जमिनीवर सोडतो. ऐकायला सोपं वाटतं. आक्कांच्या मते जगात याहून अवघड, आणि नीट जमलं तर याहून सुंदर, दुसरं काही नव्हतं.

मी राहायला आले त्या संध्याकाळी माझी पुस्तकं खोक्यांतून काढून भिंतीशी रचत होते. आक्का चहा घेऊन वर आल्या. कप खाली ठेवून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि माझी रास दोन्ही तळव्यांनी चारी बाजूंनी थापटू लागल्या. पुढे आलेलं पुस्तक मागे, मागे गेलेलं पुढे. सगळ्या कडा एका रेषेत आल्यावर उठल्या. त्यात काय लिहिलंय हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. "हे बरं हाय," म्हणाल्या, "पुस्तकं सगळी चौकोनी असत्यात." वाचनाच्या बाजूने इतकं खणखणीत मत मी शिक्षणखात्यात कुणाकडून ऐकलेलं नाही.

त्यांना सगळीकडे गठ्ठेच दिसत. लग्नाच्या पंगतीत बर्फी वाढली की आधी कोपरे बघत. आठवडी बाजारात गुळाच्या ढेपांसमोरून जाताना त्या तोंड फिरवून जात, कारण गोल वस्तू रचता येत नाही आणि जी रचता येत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा. माणसांबद्दलही तेच. नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ बघून आल्या. मी विचारलं, कसा आहे मुलगा? "शिकलेला हाय, दिसायला बराबर हाय. पण एका बाजूनं ढिला वाटून राह्यला." लग्न झालं नाही. तो मुलगा पुढे कसा निघाला मला माहीत नाही, पण रस्त्यात दिसला की माझी नजर आपोआप त्याच्या डाव्या-उजव्या बाजूवरून फिरते.

गठ्ठा तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी बोटाच्या पेराने ठोकायचं, कलिंगड ठोकतात तसं. मग सुतळीखाली बोट घालायचं. एक बोट ओढून जावं. दोन गेली तर ढिला, एकही गेलं नाही तर उद्या सुतळी तुटणार. शेवटी गठ्ठा सपाट जागी ठेवून एका कोपऱ्यावर पाय दाबायचा. डुलला की नापास. सपाट जागा म्हणजे घरापुढच्या शाळेचा व्हरांडा. सुट्टीच्या दिवशी आक्का तिथे गठ्ठे नेऊन त्यांच्यावर पाय देताना दिसत, आणि शाळेचे शिपाई हात जोडून म्हणत, "आक्का, काडाचा कचरा होऊन राह्यला." आक्का म्हणत, झाडून देते. देतही असत.

हे सगळं कुठून आलं असेल याचा मला बरेच दिवस पत्ता नव्हता. एकदा उन्हाळ्यात ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता त्यांनीच सांगितलं. त्यांचं माहेर मेंढपाळांचं. लहानपणी वर्षातले कितीतरी महिने त्या कळपामागे चालल्या होत्या. बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असे. दोन्ही बाजूंना सारखं ओझं बांधायचं. आक्कांचं काम घोडीच्या शेजारून एक हात ओझ्यावर ठेवून चालायचं. ओझं जरा कललं की हाताला कळे, आणि वडिलांना हाक मारायची. एकदा कंटाळून त्यांनी हाक मारली नाही. मुक्कामाला ओझं उतरवलं तर घोडीची पाठ सोलून निघालेली. "तिला कुठं बोलता येतं," आक्का म्हणाल्या. मग शेंगांच्या टरफलांचा ढीगसुद्धा हाताने चौकोनी केला आणि आत गेल्या.

बेलर त्यांनी नवरा गेल्यावर घेतला होता, वापरलेला. नात्यातल्या सगळ्यांनी वेड्यात काढलं. ट्रॅक्टर चालवायला रफिकभाई होते, गावातलेच, आक्कांहून दहाएक वर्षांनी लहान. ते घरी उर्दू बोलत, आमच्याशी मराठी, आणि यंत्राशी दोन्ही मिसळून. पहाटे, काड रात्रीच्या गारव्याने जरा मऊ असतं तेव्हा काम सुरू करायचं. ऊन तापलं की ते मोडून त्याचा भुगा होतो. आक्का ट्रॅक्टरवर कधी बसत नसत. बेलरच्या मागे चालत, बाहेर येणाऱ्या गठ्ठ्यावर एक हात ठेवून. त्या हाताने त्यांना सगळं कळे. मध्येच हात वर करत. रफिकभाई आरशात बघून थांबत, आणि आक्का म्हणत, मशीन बोबडं बोलून राह्यलं. रफिकभाई उतरून बघत. कुठेतरी एखादी साखळी ढिली झालेलीच असे.

रान घराला लागूनच, म्हणून मी सुरुवातीला खिडकीतून बघायची. मग ओट्यावरून. मग एका सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन रानाच्या बांधावर जाऊन बसले, आणि पुस्तक मिटलेलंच राहिलं. पेटीतला दट्ट्या एका लयीत ठकाठक चालतो, मग क्षणभर वेगळा आवाज येतो, सुतळी ओढणाऱ्या सुया वर जातात, गाठ बसते, आणि मागून तो सोनेरी ठोकळा हळूहळू सरकत येतो. प्रत्येक वेळी मी बांधावरून पुढे वाके. आता येईल, आता येईल. मी कविता शिकवते. पुढच्या ओळीची अशी वाट बघणारे विद्यार्थी मला फार थोडे मिळालेत.

आणि मग त्या वर्षी गठ्ठे वाकडे यायला लागले.

त्या साली गहू बुटका राहिला होता. थंडी कमी पडली, ऊन लवकर तापलं. कापणी नेहमीसारखी झाली, बेलर नेहमीसारखा रानात गेला, आणि मागून जो गठ्ठा आला तो मध्ये वाकलेला. दुसराही तसाच. रफिकभाई उतरून आले, त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सारली आणि म्हणाले, "आक्का, ये तो केळं झालं." आक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत ट्रॅक्टरवर चढले.

ते गठ्ठे एका गोशाळेला जायचे होते. आक्कांनी वाकडे-वाकडे निवडून बाजूला काढले, तरी जे बरे वाटले तेही मनातून वाकडेच होते. ट्रक भरून निघाला, आणि वडीगोद्रीला हायवेवर वळण घेताना वरची रास एका बाजूला कलली आणि चहाच्या हॉटेलांसमोर गठ्ठे घरंगळले. कुणाला लागलं नाही. पण लोकांनी मोबाइलवर ते टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावात सगळ्यांनी पाहिलं. आक्कांनीही पाहिलं. माझ्याच फोनवर. पुन्हा दाखवा म्हणाल्या. मी दाखवलं. "डावीकडं गेले सगळे," एवढंच म्हणाल्या, आणि जेवल्या नाहीत.

गोशाळेचा निरोप आला: पुढचा ट्रक सरळ गठ्ठ्यांचा असेल तर पाठवा, नाहीतर आम्ही दुसरीकडून घेतो. त्यापाठोपाठ मुलाचा फोन आला. आक्कांचा मुलगा संभाजीनगरला एका कंपनीत होता. त्या त्याला बापू म्हणत. बापूचं म्हणणं बरेच दिवसांचं होतं, त्याला आता फक्त निमित्त मिळालं. तुझे गुडघे बघ, ऊन बघ, लोक हसायला लागलेत. मशीन विकून टाकू. बदनापूरकडचं एक गिऱ्हाईक त्याने गाठलंही होतं. रविवारी त्याला घेऊन येतो म्हणाला.

आक्का फोन मोठ्या आवाजावर टाकून अंगणात चकरा मारत होत्या. मग म्हणाल्या, "ये. रविवारीच ट्रक भरायचा हाय. मशीननं केळं दिलं तर घेऊन जा, मी तोंड उघडणार न्हाई. सरळ गठ्ठा आला तर मशीन हितंच राहील." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "म्याडम, तुम्हाला इंग्रजी येतं ना?"

अशी मी त्या कामात ओढली गेले. बेलरबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, तेलाचे डाग पडलेली. मी वाचून मराठीत सांगायची, आक्का तिच्याशी भांडायच्या.

"गठ्ठा वाकत असेल तर काड ओलं आहे का ते पाहावं," मी वाचलं.

"चैतात ओलं? ह्याला म्हणावं हिकडं येऊन बघ. पुढं?"

"सुरी बोथट झाली आहे का पाहावं."

"हे बराबर बोलला."

दट्ट्यावरची काड कापणारी सुरी काढली, धार लावली, बसवली. गठ्ठ्याच्या कडा साफ आल्या, पण गठ्ठा वाकडाच. पेटीच्या मागे दोन दांडे असतात. ते फिरवले की पेटी आवळते आणि गठ्ठा अधिक दाबला जातो. रफिकभाईंनी ढिल्या वाटणाऱ्या बाजूचा दांडा जास्त आवळला. गठ्ठा आणखी वाकला. आक्का म्हणाल्या, एका टायमाला एकच गोष्ट बदलायची, न्हाई तर कशानं काय झालं ते कळत न्हाई. प्रयोगशाळेत हा नियम पाळतात असं मी ऐकलंय. पुस्तिकेच्या शेवटी लिहिलं होतं की एवढं करूनही दोष राहिल्यास जवळच्या विक्रेत्याकडे जावं. हे वाचल्यावर आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

रफिकभाईंनी यंत्राला लिंबू-मिरची बांधली. आक्कांनी त्या एवढ्याशा लिंबाने गठ्ठ्यावर काही परिणाम झाला का, हे ठोकून बघितलं.

माझी झोप उडाली होती. वर्गात शिकवताना फळ्यावर मी पेटीचं चित्र काढलं आणि पुसून टाकलं. एका सकाळी मी म्हटलं, कुठली बाजू ढिली आहे ते आपण दरवेळी अंदाजाने बोलतोय, खूण करूया. जुन्या साडीच्या लाल चिंध्या फाडल्या, आणि गठ्ठा बाहेर आला की त्याच्या पलीकडच्या सुतळीत, म्हणजे काड पेटीत शिरतं त्याच्या समोरच्या भिंतीकडच्या सुतळीत, मी एक चिंधी खोचायची. रानात ओळीने गठ्ठे पडले. आक्का एकेकाला ठोकत गेल्या. जिथे लाल चिंधी, तीच बाजू ढिली. एकही अपवाद नाही.

आक्का शेवटच्या गठ्ठ्यापाशी थांबल्या. "पलीकडं काड पोचूनच न्हाई राह्यलं," म्हणाल्या.

त्याचं असं आहे. पेटीत काड एकाच बाजूने शिरतं. आत लोखंडी काटे असतात, आक्का त्यांना बोटं म्हणत. ती काड पुढे, पलीकडच्या भिंतीपर्यंत ढकलतात. ओळ जाड असली की पेटी आपोआप भरते. ओळ पातळ असली की काड अलीकडेच बसतं, पलीकडे पोकळ राहतं. मग दाबलं की एक बाजू घट्ट, एक ढिली, आणि बाहेर पडताना गठ्ठा ढिल्या बाजूला कलतो. आक्कांनी स्वतः हात घालून ती बोटं एक भोक पुढे सरकवली. पुढचा गठ्ठा आला. आम्ही तिघंही त्याच्यावर वाकलो.

"केळ्याची काकडी झाली," रफिकभाई म्हणाले.

खरंच तसं होतं. वाक कमी झाला होता, गेला नव्हता. बोटं आणखी पुढे जात नव्हती. आता उरली होती ती ओळच. ती जाड करायला हवी होती. आणि इथे रफिकभाईंनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना जे म्हणायचं होतं ते मनात आधीपासून असणार. "आक्का, तोंड खाली घेऊ. सगळं काड उचलू. तुम्ही वर ठिवायला लावता, म्हणून ओळ पातळ."

हे मला माहीत नव्हतं. बेलरचं तोंड आणि रेक, दोन्ही आक्का जमिनीपासून वीतभर वर ठेवायला लावत. रानभर सगळीकडे थोडं थोडं काड मुद्दाम मागे सोडत. कारण चैत्रात त्यांच्या भावाचा कळप या बाजूने परतत असे. गव्हाच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्यांनी उरलेलं खायचं, रानाला खत मिळायचं, ही इकडची जुनी रीत. बेलर आले आणि रानं झाडून लख्ख व्हायला लागली. मेंढ्यांना काही उरेना. आपल्या यंत्राने माहेरच्या मेंढ्या उपाशी जाऊ नयेत म्हणून आक्कांनी सुरुवातीपासून हा नियम केला होता. इतर वर्षी गहू उंच असे, थोडं सोडूनही ओळ जाड राहत असे. या वर्षी बुटक्या गव्हाने हिशेब बिघडला होता.

"तोंड खाली जाणार न्हाई," आक्का म्हणाल्या.

"मंग मशीन जाईल," रफिकभाई म्हणाले.

मी दोघांमध्ये उभी होते. कुणाचंच खोटं नव्हतं. आक्का बांधावर जाऊन बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काही पाहिलं की ज्याला कुठून धरावं ते कळत नाही. भावाला फोन लावून सांगते म्हणाल्या, औंदा हिकडं येऊ नको, काही ठिवलेलं न्हाई. नंबर लावला आणि फोन नेहमीसारखा मोठ्या आवाजावर टाकला, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू आलं. मागे मेंढ्यांचा आवाज होता. आक्कांनी सगळं सांगितलं. बुटका गहू, पातळ ओळ, वाकडा गठ्ठा, रविवार. शेवटी म्हणाल्या, एवढे वरसं तुझ्या मेंढ्यांसाठी वीतभर सोडत आले, औंदा न्हाई जमत.

पलीकडे भावाने एका मेंढीला हाकारलं. मग म्हणाला, "आक्के, खरं सांगू का? रागवू नको."

"सांग."

"ते तुझं सगळीकडं पसरलेलं पातळ काड मेंढी खाती कमी आन् तुडवती जास्त. चालून चालून थकत्यात. त्याच्यापरीस एका जागी ठिव की. पोटभर खात्याल आन् तिथंच बसत्याल."

"मंग इतके वरसं बोलला का न्हाईस?"

"तू कुठं बोलू देतीस," भाऊ म्हणाला.

रफिकभाईंनी पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. मी पदराच्या टोकाने चष्मा पुसायला लागले. आक्का फोनकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता भावाची धडगत नाही. पण त्या हसायला लागल्या, आधी नाकातून, मग पोटातून, आणि फोन बंद करायचंही विसरल्या. पलीकडून भाऊ "हॅलो, हॅलो" करत होता, आणि आक्का उठून चालायला लागल्या होत्या. रफिकभाईंना म्हणाल्या, दोन ओळींची एक करा, तोंड खाली घ्या, जमिनीला लावा. आणि तिसरी ओळ अख्खी तशीच सोडा, तिला हात लावायचा न्हाई.

रविवार उजाडला तेव्हा आम्ही रानातच होतो. ट्रक बांधाशी उभा होता. रेकने दोन-दोन ओळी एकत्र ओढून जाडजूड पट्टे केले होते. मध्ये मध्ये मेंढ्यांसाठी राखलेली ओळ शेजारून सरळ गेलेली. बापूची गाडी आली. त्याच्याबरोबर बदनापूरकडचं ते गिऱ्हाईक, पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. बापू आईच्या पाया पडला, आणि नजर चुकवून बेलरकडे बघत उभा राहिला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या बुटांवर पहिल्याच मिनिटात काड चिकटलं, आणि ते झटकताना तो अगदी आक्कांसारखा वाकला.

रफिकभाईंनी ट्रॅक्टर सुरू केला. ठकाठक, ठकाठक. आवाजच वेगळा होता, भरलेला. आक्का मागे चालत होत्या. सुया वर गेल्या. गाठ बसली. गठ्ठा सरकत सरकत आला, कडेवर थांबला, आणि खाली पडला.

तो पडला आणि हललासुद्धा नाही. चारी बाजू सरळ, कोपरे टोकदार, वरून खालपर्यंत सारखा. आक्कांनी तो ठोकला. बोट घातलं. कोपऱ्यावर पाय दिला. मग पुढच्या गठ्ठ्याकडे गेल्या, कारण यंत्र चालूच होतं आणि पुढचा तोवर आलाच होता. त्याच्यामागून आणखी एक. रानभर ते असे पडत गेले की जणू कुणी आखून ठेवलेत. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, पण बांधावरून धावत गेले, साडी सावरत, आणि एका गठ्ठ्यावर दोन्ही तळवे टेकवून उभी राहिले. तो ऊबदार होता.

ट्रक भरला. रास उभी राहिली, भिंतीसारखी. आणि मग जे झालं त्याचा आम्ही कुणीच विचार केला नव्हता. गिऱ्हाईक म्हणून आलेला तो माणूस एका गठ्ठ्यावर दुसरा ठेवून बघत होता, मागे सरून बघत होता, खाली वाकून बघत होता. त्याचे डोळे चमकायला लागले. तो बापूजवळ आला आणि म्हणाला, मशीन मला पसंत आहे. तुम्ही वाकडं म्हणाला होता म्हणून मी कमीत बोललो होतो. आता तुम्ही म्हणाल तसं. आजच घेऊन जातो.

रफिकभाईंनी इंजिन बंद केलं. सरळ गठ्ठा आला तर मशीन राहील असं आक्का म्हणाल्या होत्या, पण बापूने हो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मशीन होतं आक्कांचं, पण कागदावर नाव बापूचं होतं. आक्का बेलरच्या मागे उभ्या होत्या. तोंड उघडणार नाही असं त्यांनी केळं आलं तर म्हटलं होतं. सरळ आलं तरीही त्यांनी तोंड उघडलं नाही.

बापूने एक गठ्ठा पालथा केला. पुन्हा सुलटा केला. मग त्या माणसाला म्हणाला, "विकायचं होतं ते वाकडे गठ्ठे देणारं मशीन. ते आता आमच्याकडं न्हाई. चला, चहा घेऊ."

शहरात इतकी वर्षं राहून त्याच्या तोंडी तो "न्हाई" कसा आला कुणास ठाऊक. आक्का एकदम वळल्या आणि त्याच्यावर खेकसल्या, की मेंढ्यांच्या ओळीत उभा हायस, बाजूला हो, तुडवून राह्यलास. बापू उडी मारून बाजूला झाला.

आक्का पौषात गेल्या. आजार मोठा नव्हता, झोपेतच. मी अजून त्याच खोलीत राहते. हे लिहायला मला बरेच महिने लागले, कारण लिहायला बसले की ठकाठक ऐकू येतं आणि मी खिडकीशी जाते.

या चैत्रात बापू सुट्टी काढून आला. मामाला फोन करून कळप कुठल्या रानात येणार ते विचारलं, आणि तिसरी ओळ राखून पहाटे कामाला लागला. मी बांधावर होते. गठ्ठे येत होते, माझ्या मते एकापेक्षा एक. बापू मागून चालत होता, बाहेर येणाऱ्या गठ्ठ्यावर एक हात ठेवून. मध्येच त्याने हात वर केला. रफिकभाई थांबले. बापूने मला हाक मारली, "म्याडम, इकडं या. ही पलीकडची बाजू बघा."

मी गेले, खाली बसले, चष्मा लावून पाहिलं. मला काहीच वाकडं दिसलं नाही. मी तसं म्हणणार होते. पण रफिकभाई पाना घेऊन आधीच खाली उतरले होते.